खरेदीपत्रांत न आलेली मिळकत

एखादें नियतकालिक, एखादी प्रकाशनसंस्था अथवा हल्लींच्या भाषेंत ज्यास लेखन-वाचनाचा ऑनलाइन मंच म्हणतात तो, एका हातांतून दुसऱ्या हातांत विकत जातो तेव्हां नेमकें काय विकलें जातें, हा प्रश्न मराठी टीकेनें आजवर फारसा विचारलेला नाहीं. टीकाकार लेखाचे गुणदोष पाहतो. तो लेख ज्या पानावर प्रसिद्ध झाला त्या पानाचा मालक कोण आणि त्या मालकानें तें पान केवढ्यास घेतलें, हें पाहणें तो हिशेबनिसाचें काम समजतो. ही विभागणी आम्हांस मान्य नाहीं. पानाचा मालक बदलला म्हणजे थोड्याच काळांत पानावरील लेखनाचा घाट बदलूं लागतो. आणि घाट हा तर टीकेचा अगदीं घरचा विषय. तेव्हां हिशेबाची वही टीकाकारानें एकदां तरी उघडून पाहिलीच पाहिजे.

या विषयाकडे आम्ही मुळशीच्या बाजूनें येणार आहों. मार्ग आडवळणाचा वाटल्यास वाचकांनीं थोडा धीर धरावा. पुण्याहून पश्चिमेस जाणारा रस्ता मुळशीच्या तलावाच्या कांठाकांठानें ताम्हिणीस पोंचतो आणि तेथून घाट उतरून कोंकणांत जातो. पावसाळ्यांत धबधबे पाहण्याकरितां तेथें जी गर्दी लोटते, तींतील फारच थोड्यांस हें ठाऊक असतें, कीं उजवीकडे-डावीकडे पसरलेलें हें पाणी एके काळच्या भातखाचरांवर उभें आहे. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा पॉवर कंपनीनें धरण बांधावयास घेतलें. घाटमाथ्यावरचें पाणी खालीं भिऱ्यास सोडून वीज करावयाची व ती मुंबईस न्यावयाची, अशी ती योजना. जमिनी घेण्याकरितां १८९४ चा भूमिसंपादनाचा कायदा एका खाजगी कंपनीच्या कामीं लावण्यांत आला. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. सेनापति बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांचीं नांवें त्या लढ्याशीं कायमचीं जोडलीं गेलीं आहेत. १९२४ पर्यंत तो लढा चालला आणि अखेर मावळ्यांची हार झाली. ज्या खोऱ्याच्या पाण्यावर वीज झाली त्या खोऱ्यांतील घरांत मात्र ती वीज अनेक वर्षें आली नाहीं.

कै. राजेंद्र व्होरा यांनीं या सत्याग्रहाचा साक्षेपी इतिहास लिहिला आहे. त्याची इंग्रजी आवृत्ति २००९ सालीं, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली. त्या ग्रंथांतील वीररसाचा भाग लोकांच्या ध्यानांत राहतो, आणि तें स्वाभाविकच आहे. आम्हांस त्यांतील दुसरा एक भाग अधिक मोलाचा वाटतो. मुळशी पेट्यांतील पुष्कळशी जमीन कागदोपत्रीं पुण्याच्या सावकारांच्या नांवें होती. मावळे ती कुळें म्हणून कसत होते. कंपनीनें मोबदला देऊं केला तेव्हां तो अर्थातच कागदावरील नांवास मिळावयाचा होता. सावकारांचें हित चांगला भाव मिळण्यांत, कुळांचें हित जमीन न जाण्यांत. आरंभीं दोघे एका मांडवांत बसले खरे, पण भाव ठरतांच मांडव मोडला. ज्यानें चिखल तुडवून, बांध घालून, पिढ्यान् पिढ्या आंबेमोहोराचें पीक काढण्याजोगें तें खाचर घडविलें, त्याचें नांव खरेदीच्या व्यवहारांत कोठें येतच नव्हतें. व्होरा हें सर्व शांतपणें, कागद पुढें ठेवून सांगतात. त्यांच्या ग्रंथाचें खरें बळ या शांतपणांत आहे. मात्र कुळांच्या बाजूनें बोलणारे कागद थोडे, त्यामुळें त्यांचा आवाज ग्रंथांत अखेरपर्यंत दुरूनच ऐकूं येतो, हेंही नमूद केलें पाहिजे.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. लेखन-वाचनाचा कोणताही मंच पाहिला तर त्यांत हीच तीन माणसें दिसतात. ज्याच्या नांवें मंच नोंदलेला आहे तो, जो तो विकत घेऊं पाहतो तो, आणि ज्यांनीं लिहून, वाचून, पत्रें पाठवून, एकमेकांस ओळखून त्या ओसाड जागेचें खाचर केलें ते असंख्य लोक. खरेदीपत्रावर पहिल्या दोघांच्या सह्या होतात. किंमत मात्र तिसऱ्याच्या कष्टावर ठरलेली असते.

येथें एक हिशेब मांडून पाहणें उपयोगाचें होईल. समजा, एका मासिकाचे २,००० वर्गणीदार आहेत व वर्गणी ६०० रुपये आहे. वर्षाचें उत्पन्न १२ लाख. कागद, छपाई, टपाल, संपादकाचें तुटपुंजें वेतन मिळून खर्च ११ लाख. शिल्लक एक लाख. हें मासिक श्रीमंत नाहीं, पण कोणाचें देणेंकरीही नाहीं. आतां तें कोणी ५० लाखांस विकत घेतलें आणि ती रक्कम दहा टक्के व्याजानें उभी केली. वर्षाचें व्याज पांच लाख. काल ज्या मासिकास एक लाखाची शिल्लक होती त्यास आज चार लाखांची तूट आली. लेखक तेच, वाचक तेच, कागद तोच. बदलला तो केवळ मालक. ही तूट भरून काढण्याकरितां वर्गणी २०० रुपयांनीं वाढवावी, तर पांचशे वर्गणीदार गळाले कीं उत्पन्न पुनः बारा लाखांवरच येऊन थांबतें. मग जाहिराती वाढतात, संपादकाचा सहायक घरीं जातो, मुद्रितें तपासणारा घरीं जातो, आणि खपाच्या मागें लागलेलें मासिक जें छापूं लागतें तें पाहून उरलेले जुने वाचकही हळूहळू तोंड फिरवितात. यांत नवा मालक दुष्ट असावा लागत नाहीं. तो पुष्कळदां त्या मासिकाचा जुना चाहताही असतो!

मग वर्षास एक लाख मिळवून देणाऱ्या वस्तूचे कोणी पन्नास लाख कां देतो? कारण तो दोन हजार वर्गणीदार विकत घेत नाहीं. पुढें होणारे वीस हजार तो आजच विकत घेतो. ते झाले नाहींत म्हणजे दोष दोन हजारांच्या माथीं येतो. त्यांस सांगण्यांत येतें, कीं तुमचा मंच तोट्यांत आहे. हें वाक्य आम्हीं इतक्या ठिकाणीं वाचलें आहे, कीं त्यांतील 'तोटा' हा शब्द किती निसरडा आहे इकडे कोणाचें लक्ष जाऊं नये याचें आश्चर्य वाटतें. तोटा मंचाचा कीं खरेदीचा, हें कोणी विचारीत नाहीं.

आमच्या नियतकालिकांच्या इतिहासांत मालकी बदलण्याचे प्रसंग थोडे नाहींत, आणि ते सगळेच वाईट ठरले असेंही नाहीं. १८८१ सालीं निघालेले केसरी आणि मराठा हे मंडळींच्या मतभेदांनंतर १८९१ च्या सुमारास टिळकांच्या मालकीचे झाले, ते कर्जासहित झाले. टिळकांनीं कायद्याचा वर्ग चालविला, लातूरच्या सरकी काढण्याच्या कारखान्यांत भागीदारी केली. पत्राचा बोजा पत्रावरच न टाकतां तो दुसऱ्या उद्योगांवर वांटून देण्याची ही रीत होती. पत्रानें वाढावें, पण व्याज भागविण्याकरितां वाढूं नये, हें त्यांत आपोआप साधलें. मुंबईस अनंत हरि गद्रे यांनीं काढलेलें मौज साप्ताहिक पुढें भागवतांच्या हातांत गेलें आणि त्या घराण्याच्या छापखान्याच्या आश्रयानें सत्यकथेसारखें मासिक १९३३ पासून १९८२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धें शतक चाललें. नवकथा आणि नवकाव्य यांचा विचार सत्यकथा वगळून करतांच येत नाहीं. मालक बदलल्यानें वाङ्मयाचें कल्याण झाल्याचें याहून ठळक उदाहरण आमच्यापुढें नाहीं. परंतु तेथेंही छापखाना हा स्वतंत्र धंदा होता, हें विसरतां येत नाहीं. त्याच तऱ्हेनें १९२० सालीं किर्लोस्करवाडीच्या कारखान्याच्या आश्रयास 'किर्लोस्कर खबर' निघाली आणि तिच्या मागोमाग 'स्त्री' व 'मनोहर' आलीं, तीं एका लोखंडी नांगराच्या कारखान्याच्या सावलींत वाढलीं. मराठी वाङ्मयानें नांगराचे उपकार मानावयास हवेत, असें कोणी थट्टेनें म्हटलें तरी तें खोटें होणार नाहीं.

'स्त्री' वरून एक गोष्ट आठवते. विद्या बाळ यांनीं त्या मासिकांत बरीच वर्षें सहायक म्हणून व १९८३ ते १९८६ पर्यंत संपादिका म्हणून काम केलें. पुढें १९८९ सालीं त्यांनीं 'मिळून साऱ्याजणी' हें स्वतःचें मासिक काढलें. जुन्या नांवाची पुण्याई, छापखाना, वितरण यांपैकीं कांहीं एक त्यांच्याबरोबर आलें नाहीं. लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बायकांची ओळख मात्र आली, आणि तेवढ्या भांडवलावर तें मासिक उभें राहिलें. मासिकाची खरी मिळकत कोणती, याचा पुरावा याहून चांगला कोणता द्यावा? ती कोणाच्याही ताळेबंदांत लिहिलेली नव्हती.

कागदाच्या जगांत मालकास निदान कागदाचा, शाईचा, टपालाचा खर्च करावा लागे, आणि त्या खर्चाची मर्यादा त्याच्या महत्त्वाकांक्षेस पडे. महाजालावर ही मर्यादा दिसेनाशी झाली. फुकट जागा द्या, लोक येतील, लोक आले कीं पैसा येईल, या विश्वासावर गेल्या पंचवीस वर्षांत ज्या खरेद्या झाल्या त्यांचे आंकडे पाहिले म्हणजे डोळे फिरतात. जिओसिटीज नांवाच्या वसाहतींत कोणीही आपलें घर बांधावें, म्हणजे आपलें पान लिहावें, अशी सोय होती. १९९९ सालीं याहू कंपनीनें ती सुमारें साडेतीन अब्ज डॉलर मोलाच्या शेअरांच्या मोबदल्यांत घेतली. त्याच वर्षीं तिनें नव्या अटी काढल्या; त्यांचा अर्थ असा होत होता, कीं या घरांत जें लिहिलें जाईल तें वाटेल तसें वापरण्याचा हक्क कंपनीस आहे. रहिवासी खवळले, पुष्कळांनीं आपलीं पानें काढून घेण्याचा धाक घातला आणि कंपनीनें माघार घेतली. आमच्या मतें कुळांनीं जिंकलेली ही पहिली लढाई होय, जरी तिचा पोवाडा कोणी रचला नाहीं. पण लढाई जिंकून जमीन राहिली असें झालें नाहीं. २००९ सालीं कंपनीनें सबंध वसाहतच बंद केली. जें कांहीं वांचलें तें कांहीं स्वयंसेवकांनीं आणि इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनें घाईघाईनें उतरून घेतलें म्हणून.

टम्ब्लरची कथा अधिक बोधक आहे. २०१३ सालीं याहूनेंच तें १.१ अब्ज डॉलरांस घेतलें. तेथें लिहिणारीं मुलेंमुली आपल्या छंदांत मग्न. त्यांस विकण्याजोगें कांहीं नव्हतें आणि त्यांना विकत घ्यावयाचेंही कांहीं नव्हतें. जाहिरातींचें उत्पन्न अपेक्षेप्रमाणें होईना. सुमारें तीन वर्षांत याहूनें त्याची निम्म्याहून अधिक किंमत आपल्या वहींतून खोडून टाकली. २०१७ सालीं याहूच व्हेरायझन या तारायंत्रवाल्या कंपनीकडे गेली. तिनें २०१८ च्या अखेरीस प्रौढांसाठींच्या मजकुरावर सरसकट बंदी घातली, तेव्हां रहिवाशांचा मोठा लोंढा बाहेर पडला. २०१९ मध्यें तेंच टम्ब्लर ऑटोमॅटिक या कंपनीनें तीस लाख डॉलरांहूनही कमी किंमतीस घेतल्याचें वृत्त आलें. म्हणजे सहा वर्षांपूर्वीं ज्यास शंभर रुपये दिले तें आतां चार आण्यांस गेलें. त्या चार आण्यांच्या वस्तूवर लोक आजही लिहितात. ती वस्तु मुळांत तेवढ्याच मोलाची होती असें कोणी म्हणेल. आम्ही म्हणतों, तिचें मोल मधल्या काळांत कोणीं मोजलेंच नव्हतें, तिच्यावर लावलेला जुगार तेवढा मोजला गेला.

या सगळ्यांत फ्लिकर हें छायाचित्रांचें स्थळ आम्हांस विशेष विचारार्ह वाटतें. तेंही याहूनें २००५ मध्यें घेतलें होतें. २०१३ मध्यें प्रत्येकास एक टेराबाइट जागा फुकट दिली, आणि फुकट जागेचा खर्च कोण देणार हा प्रश्न पुढच्या मालकासाठीं ठेवून दिला. २०१८ सालीं स्मगमग या घरगुती वळणाच्या कंपनीनें तें घेतलें. तिनें फुकट खात्यास हजार चित्रांची मर्यादा घातली, जास्त चित्रें ठेवणाऱ्यांनीं वर्गणी द्यावी असें सांगितलें, आणि २०१९ च्या डिसेंबरांत सभासदांस उघड पत्र लिहिलें, कीं हें स्थळ अजून तोट्यांत आहे, तरी मदत करा. किती जुन्या मराठी संपादकांनीं आपल्या वर्गणीदारांस असेंच पत्र लिहिलें असेल! पुष्कळांनीं या मर्यादेवरून कंपनीस शिव्या दिल्या. आमचा कल त्या कंपनीच्या बाजूस आहे. तिनें खर्चाचा आंकडा लपविला नाहीं, आणि जीं चित्रें सर्वांच्या मुक्त वापरासाठीं दिलेलीं होतीं तीं मर्यादेंतून वगळून राखून ठेविलीं. नव्या मालकानें जुन्या वहिवाटीचा मान राखल्याचें हें उदाहरण आहे. आणि त्यासाठीं त्यास पैसे मागावे लागले, यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

आपल्या देशांतील ताजें उदाहरण वेस्टलँडचें. १९६२ पासूनची परंपरा सांगणारी ही चेन्नईची प्रकाशनसंस्था टाटांच्या ट्रेंट कंपनीच्या मालकीची होती. (मुळशीच्या कथेंतील नांव येथें पुनः आलें, हा केवळ योगायोग, त्यावरून कोणी कांहीं अनुमान काढूं नये.) २०१६ सालीं अमेझॉननें ती विकत घेतली, व्यवहार चाळीस कोटींच्या आंतबाहेरचा होता. जगांतील सर्वांत मोठा पुस्तकविक्या मालक म्हणून लाभला, तेव्हां संस्थेचें भाग्य उदयास आलें असें पुष्कळांस वाटलें. 'एका' या नांवानें भारतीय भाषांकरितां निराळी शाखाही निघाली. आणि १ फेब्रुवारी २०२२ रोजीं अमेझॉननें संस्था बंद करीत असल्याचें जाहीर केलें. अमेझॉनच्या वहींत चाळीस कोटी ही रक्कम कोणत्या ओळींत बसत असेल, याचा वाचकांनींच अंदाज करावा. बड्या मालकाच्या घरीं लहान संस्थेस दोन प्रकारचें भय असतें: एक, तिच्याकडे फार लक्ष दिलें जाईल हें, दुसरें, मुळींच दिलें जाणार नाहीं हें. वेस्टलँडच्या वांट्यास दुसरें आलें असें दिसतें.

त्या फेब्रुवारींत जें घडलें तें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुस्तकें बाजारांतून नाहींशीं होणार म्हणून वाचक दुकानांत धांवले. लेखक आपल्याच पुस्तकांच्या प्रती जमवूं लागले. छापलेल्या प्रती ज्यांच्या घरीं होत्या त्यांच्या घरीं त्या राहिल्या, आणि प्रकाशनाचे हक्क लेखकांकडे परत आले. एप्रिलांत बंगळूरच्या प्रतिलिपि या कंपनीनें त्याच माणसांस हाताशीं धरून वेस्टलँडचें काम पुनः सुरू केलें. म्हणजे येथेंही 'स्त्री' आणि 'मिळून साऱ्याजणी' यांच्या बाबतींत दिसला तोच प्रकार: नांव, इमारत, गोदाम यांचें कांहींही होवो, संपादनाची दृष्टि आणि लेखकांचा विश्वास जेथें गेला तेथें संस्था गेली.

प्रतिलिपीचें नांव निघालेंच आहे, तर मराठी वाचकास अधिक जवळच्या मुद्द्याकडे येऊं. २०१४ सालीं स्थापन झालेल्या या मंचावर मराठींत लिहिणारांची संख्या मोठी आहे. त्यांत गृहिणी आहेत, तालुक्याच्या गांवचे शिक्षक आहेत, नोकरीवरून परततांना आगगाडींत लिहिणारे आहेत. जुन्या मासिकांच्या संपादकांनीं ज्यांस दाराशीं उभें केलें नसतें, अशा लोकांस येथें वाचक मिळाले, ही गोष्ट नाक मुरडून उडवून देण्यासारखी नाहीं. या कंपनीस कोणीं समूळ विकत घेतलेलें नाहीं; परंतु २०२१ सालीं दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन या खेळ बनविणाऱ्या कंपनीच्या पुढाकारानें तीत मोठें भांडवल आलें, आणि भांडवल आलें म्हणजे परताव्याची अपेक्षा त्याच्या मागून येतेच. मंच फुकट होता. आतां पुढचा भाग लवकर वाचावयाचा असल्यास पैसे मोजावे लागतात. याचा परिणाम कथेच्या घाटावर काय होतो, तें पाहा. ज्या कथेचा प्रत्येक भाग वाचकानें पुढच्या भागाचे पैसे भरावे म्हणून संपवावयाचा, ती कथा संपूं शकत नाहीं. सासू-सुनेचें भांडण मिटलें तर मालिका मिटली. म्हणून तें मिटत नाहीं. चाळीस भागांची सामग्री दोनशें भागांवर पसरते. यांत लेखकास दोष देणें अन्यायाचें होईल. तो भागावर मोबदला मिळवितो, तर भाग वाढविणारच.

कोणी म्हणेल, हप्त्याहप्त्यानें कादंबरी लिहिणें हें नवीन नाहीं. हरिभाऊ आपट्यांनीं तेंच केलें. अगदीं खरें. 'करमणूक' हें साप्ताहिक त्यांनीं १८९० ते १९१७ अशीं अठ्ठावीस वर्षें चालविलें, आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यांतूनच क्रमशः प्रसिद्ध झाली. परंतु तेथें लिहिणारा, निवडणारा आणि पत्राचें भवितव्य ठरविणारा पुरुष एकच होता. यमूची कथा कोठें संपली पाहिजे हें त्यानें ठरविलें. त्या ठिकाणीं वाचक गळतील कीं काय, याचा जाब त्यास कोणास द्यावयाचा नव्हता. हप्ता हा प्रकार निर्दोष आहे. हप्ता कोणाच्या देण्यासाठीं पाडला जातो, यावर त्याचा गुण अवलंबून असतो. आजच्या मालिकालेखकांत हरिभाऊंच्या तोलाचा कोणी नसेलच असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. पण असला तर त्यास आपली कथा योग्य ठिकाणीं थांबविण्याची किंमत पदरची मोजावी लागेल, एवढें निश्चित.

मग करावयाचें काय? लहान मंचांनीं विकलेच जाऊं नये, असा उपदेश करणारे पुष्कळ आहेत. त्यांस पांच वर्षें एखादें मासिक पदरमोड करून चालवावयास सांगावें. थकलेल्या संस्थापकानें आपलें ओझें दुसऱ्याच्या खांद्यावर दिलें, तर त्यास दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आमचा प्रश्न तिसऱ्या माणसाविषयीं आहे. शेतीच्या बाबतींत १९४८ च्या कूळकायद्यानें आणि १ एप्रिल १९५७ च्या कूळदिनानें एक गोष्ट मान्य झाली, कीं कसणाराचा कसलेल्या जमिनीवर कांहीं हक्क असतो आणि मालक बदलल्यानें तो बुडत नाहीं. मुळशीच्या मावळ्यांस तो कायदा मिळावयास एक पिढी उशीर झाला. मंचावर लिहिणारास अजून तसें कांहीं मिळालेलें नाहीं. त्याच्या हातीं फक्त ज्या अटी तो न वाचतां मान्य करतो त्या अटी आहेत.

तेव्हां त्या अटींत काय असावें, हें लेखकांनीं एकत्र बसून सांगण्याची वेळ आलेली आहे. मंच विकला गेल्यास तसें आगाऊ कळविलें जावें. लेखकास आपलें सर्व लेखन, वाचकांच्या अभिप्रायांसह, एका गठ्ठ्यांत परत नेतां यावें. मंच बंद होणार असल्यास निदान वर्षभराची मुदत मिळावी. आणि पुस्तक, चित्रपट, ध्वनिमुद्रण यांचे हक्क मंचासोबत परस्पर विकले जाऊं नयेत. यांतील शेवटचें कलम सर्वांत अवघड, कारण हल्लींच्या खरेद्या मुख्यतः त्याच हक्कांवर डोळा ठेवून होतात. २०२१ सालीं दक्षिण कोरियाच्या नेव्हर कंपनीनें वॉटपॅड हा कानडांतील कथामंच सुमारें साठ कोटी डॉलरांस घेतला, तो तेथील कथांवर चित्रमालिका काढतां येतील याच हिशेबानें. आणि पुढें २०२३ मध्यें त्या मंचावरील चाळीसहून अधिक नोकरांस घरीं पाठविण्यांत आलें. लेखकसंघटनेचें बळ आपल्याकडे थोडें आहे हें आम्ही जाणतों. साहित्यसंमेलनांत अध्यक्ष कोण यावर जेवढी शाई खर्च होते तिचा दशांश या कलमांवर झाला तरी पुष्कळ काम होईल.

दुसरें काम सरकारचें आहे. १९५४ सालीं झालेल्या ग्रंथप्रदानाच्या कायद्यान्वयें प्रकाशकानें प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि मद्रास, मुंबई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांस द्यावी लागते. दोन वर्षांनीं नियतकालिकेंही त्यांत आलीं. त्यामुळें बंद पडलेल्या मासिकाचा मालक कोणीही असो, त्याचे अंक मुंबईच्या टाऊन हॉलांतील मध्यवर्ति ग्रंथालयांत जाऊन मागण्याचा हक्क वाचकास राहतो. सत्यकथा बंद होऊन चाळीसहून अधिक वर्षें झालीं, तरी तिच्या एखाद्या अंकावर आज कोणास टीका लिहावयाची असेल तर ती लिहितां येते. मंचावरील दोनशें भागांची मालिका, ती बरी असो वा वाईट, मंच विकला जाऊन मिटला कीं टीकेच्याही हातीं लागत नाहीं. तशी प्रत ठेवण्याची सोय मराठीपुरती तरी करावयाची झाल्यास ती राज्य मराठी विकास संस्थेनें करावी, कीं विद्यापीठांनीं, कीं मध्यवर्ति ग्रंथालयानेंच, याविषयीं मतभेद होतील. खर्चाचा आंकडा मात्र कोणीतरी लौकर मांडून दाखवावा.